राहणं-जेवण म्हणजे पगार नव्हे

"राहणं-जेवण आपल्याकडेच, मग पगार थोडा कमी चालतो." बाळाला सांभाळायला घरी राहणाऱ्या ताई शोधताना हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. त्या आपल्याकडे राहतात ते आपल्याला पहाटे आणि रात्री घरात माणूस हवं असतं म्हणून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. त्यानुसार पगाराचा मर्यादित हिस्साच वस्तुरूपात देता येतो, तोही कामगाराला मान्य असेल तर. सोबतची 201 क्रमांकाची शिफारस आणखी स्पष्ट आहे: मालकाच्या गरजेसाठी घरात राहावं लागत असेल, तर त्या जागेपोटी कामगाराच्या संमतीशिवाय पगारातून काही कापू नये. भारताने या कराराला अनुमोदन दिलेलं नाही, पण न्याय्य काय ते ठरवायला याहून चांगलं माप मला सापडलेलं नाही.

"अर्धवेळच तर आहे." आम्हीही असंच म्हणत होतो. लेक आठ महिन्यांची असताना ताई आमच्याकडे राहायच्या. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, असे सहा तास ठरले होते. दुपारी त्या शिवणक्लासला जायच्या. एका आठवड्यात मी कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, त्या रात्री कधी उठल्या ते लिहायला लागले. एका रात्रीच्या चौकटीत 11.40, 2.15 आणि 4 असे तीन आकडे आले. पाळण्याची दोरी त्यांच्या मनगटाला बांधलेली असायची आणि झोपेतही हात हलत राहायचा. मग सहा तास कुठले? हाक आली तर उठावं लागेल म्हणून जो वेळ माणसाला स्वतःचा म्हणून वापरता येत नाही, तोही कामाचा वेळ धरावा, किती धरायचा ते देशाने ठरवावं, असं तो करार सांगतो. आम्ही रात्रीचे पैसे वेगळे धरले आणि चार रात्री पाळणा आमच्या खोलीत आणला.

दर काढायचा तर घरी परत जाणाऱ्या बाई आपल्या भागात तासाला किती घेतात ते विचारा. त्याला ठरलेल्या तासांनी गुणा आणि त्यात रात्रीचे पैसे मिळवा. जेवणाचे वजा करू नका. आठवड्याची सलग चोवीस तासांची सुट्टी म्हणजे खाडा नाही. महिन्याच्या पगारात ती धरलेलीच असते.

"घरकामाला कायदा कुठे आहे?" आहे, अपुरा आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालचा. त्यात नोंदणी आणि कल्याणकारी मदत आहे, किमान वेतनाचा आकडा मात्र नाही. कर्नाटकाने तो 2004 सालीच ठरवला होता. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे. आणि घरकामाचे पैसे ही केवळ घरातली बाब नाही, हे पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली पगारवाढीसाठी संप करून दाखवलं होतं.

शेवटी आम्ही कागद केला: वेळा, रात्री, सुट्टी, गावी जायचे दिवस, उचल, पगाराची तारीख. अजून काही राहिलं का, असं ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "क्लासवरून आले की तासभर दार लावून पडेन. तेव्हा कुणी हाक मारायची नाही." ती ओळ आम्ही सगळ्यात वर लिहिली.