मेल अडला? आधी डिस्क बघा

लिनक्स सर्व्हरवरून मेल जाईनासा झाला की पहिला संशय नेटवर, दुसरा फायरवॉलवर. राउटर बंद-चालू होतो, केबल काढून पुन्हा खोचली जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर प्रत्येक मेल पुढे धाडण्याआधी स्वतःच्याच डिस्कवर, 'व्हार' डिरेक्टरीतल्या रांगेत उतरवून घेतो. तिथे जागा नसेल तर तो मेल घेतच नाही. मूळ सेटिंगमध्ये एका मेलची कमाल मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते. मोकळी जागा तिच्या दीडपटीच्या, म्हणजे साधारण १५ एमबीच्या, खाली गेली की बाहेरून आलेल्या मेलला '४५२' हे उत्तर मिळतं. चारने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'नंतर या', पाचने सुरू होणारं म्हणजे 'येऊच नका'.

हे सगळं मेलच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं, पण तो वाचतानाही फसगत होते. 'सेंट' दिसलं म्हणजे मेल वाचणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये पोचला, असं नाही. पुढच्या सर्व्हरने तो ताब्यात घेतला, एवढाच त्याचा अर्थ. 'डिफर्ड' म्हणजे मेल बुडाला, असंही नाही. पोस्टफिक्स साधारण ५ दिवस प्रयत्न करत राहतो, आणि दर दोन मिनिटांनी रांग हाताने ढकलल्याने कारण काही मिटत नाही.

"रूट म्हणून फाइल बनवून पाहिली, बनली. म्हणजे डिस्क भरलेली नाही." हा गैरसमज भल्याभल्यांना चकवतो. एक्स्ट-फोर फाइलसिस्टिम नेहमीच्या मांडणीत ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १०० जीबीच्या पार्टिशनवर ही ५ जीबी झाली. पोस्टफिक्सची बरीचशी कामं मात्र रूटच्या नावाने चालतच नाहीत, साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्यामुळे रूटला सारं आलबेल दिसतं आणि मेल ठप्प असतो.

मग कुणीतरी मोठी लॉग फाइल पुसतं, तरी जागा तेवढीच. ज्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरली आहे तो सोडेपर्यंत तिची जागा सुटत नाही. डिरेक्टरीत नाव नाही, डिस्कवर मात्र ठाण मांडून. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा मोकळी.

पार्टिशन मोठं केलं की झालं, असंही वाटतं. पार्टिशन म्हणजे कुंपण, फाइलसिस्टिम म्हणजे आतलं घर. कुंपण सरकवलं म्हणून घराला खोली वाढत नाही, फाइलसिस्टिम वेगळी वाढवावी लागते. एक्स्ट-फोर चालू स्थितीत वाढते, लहान करायची तर आधी अनमाउंट करावी लागते. आणि जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन टेबलला ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २ टीबीच्या पलीकडचं दिसतच नाही, त्यासाठी जीपीटी हवं.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत फसवं दुखणं आयनोडचं. 'डीएफ' कमांड पाऊण डिस्क रिकामी सांगते आणि तरी 'जागा शिल्लक नाही' ही एरर येते. प्रत्येक फाइलची एक नोंद लागते, तिला आयनोड म्हणतात. जमीन पडून आहे, पण सातबाऱ्याचे कोरे कागद संपले, तसा हा प्रकार. एक्स्ट-फोर साधारणपणे दर १६,३८४ बाइटमागे एक आयनोड ठेवते, म्हणजे ८ जीबीच्या पार्टिशनवर ५,२४,२८८.

आता समजा, पोस्टफिक्स बंद पडला आहे आणि दर मिनिटाला चालणारं एक क्रॉनचं काम काहीतरी कुरकुर छापतं. क्रॉन ती कुरकुर रूटला मेल करतो आणि तो मेल रांगेच्या 'मेलड्रॉप' डिरेक्टरीत फाइल होऊन पडून राहतो. वर्षाला ५,२५,६०० फाइली. वर्ष पुरं होण्याआधीच आयनोड संपतात. प्रत्येक फाइल ४ केबीचा एक ब्लॉक घेते, म्हणून भरलेली जागा दिसते जेमतेम २ जीबीच्या आसपास. नुसतं 'डीएफ' पाहून हे कधीच कळणार नाही, त्याला 'आय' हा पर्याय जोडावा लागतो.

इथे पार्टिशन आणि त्यातली फाइलसिस्टिम वाढवली तर आयनोडही वाढतात, पण क्रॉन तेही खाऊन टाकतो. ढीगच काढायला हवा. 'आरएम'ला एका दमात एवढी नावं दिली तर यादी फार लांब झाल्याची तक्रार येते, म्हणून 'फाइंड'ने शोधून पुसायचं. पोस्टफिक्स त्यानंतरच सुरू करायचा, नाहीतर पाच लाख मेल रूटच्या पेटीकडे निघतील. आणि पुसण्याआधी त्यातला एखादा मेल उघडून बघा, क्रॉन इतके दिवस कशाबद्दल ओरडत होता ते त्यातच असतं.