घरात स्कीइंग एकालाच करायचंय? मग गुलमर्ग, सोलंग की औली?

मुलाला स्कीइंग शिकायचंय, आजीला बर्फ नुसता डोळे भरून बघायचाय आणि आईला गुडघ्यांची काळजी. अशा वेळी उतार कसे आहेत, हे नंतर बघा. आधी विचारा, स्की न करणारे दिवसभर काय करणार?

गुलमर्ग (काश्मीर): इथल्या गोंडोलातून, म्हणजे केबल कारमधून, कुणालाही वर जाता येतं. पहिला टप्पा सुमारे 3,000 मीटरवर, दुसरा 3,900 मीटरच्या पुढे. हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असेल, तर पहिल्या टप्प्यावरच थांबलेलं बरं. तिकिटं ऑनलाइन आधीच काढा.

सोलंग (हिमाचल): मुक्काम मनालीत करता येतो, अंतर साधारण 13 किलोमीटर. एकजण स्कीइंग शिकेल, तोवर बाकीच्यांना हिडिंबा मंदिर, वशिष्ठचं गरम पाण्याचं कुंड आणि बाजार आहे. उतार छोटे, पण नवशिक्यांना पुरेसे.

औली (उत्तराखंड): उतार उत्तम, समोर नंदादेवी. पण बर्फाशिवाय करण्यासारखं कमी. जोशीमठहून येणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी 2023 मध्ये बंद झाला, त्यामुळे त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

थोडक्यात, स्कीइंग मुरलेलं असेल तर गुलमर्ग, नवशिके आणि आजी-आजोबा सोबत असतील तर सोलंग.

बुकिंगआधी हॉटेलला एक प्रश्न नक्की विचारा: बर्फ पडल्यावर गाडी दारापर्यंत येते का? नाहीतर शेवटचं अंतर आजीला बर्फातून चालावं लागेल.