परसातील कोंबडी : जात कशी निवडावी?

परसात पाच-दहा कोंबड्या पाळण्याचा विचार मनात आला, की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो असा : वर्षाला सर्वांत अधिक अंडी देणारी जात कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु केवळ त्याच्या उत्तरावर भिस्त ठेवून कोंबड्या आणणारी कुटुंबे पुष्कळदा निराश होतात. अंड्यांचा आकडा हा एकट्या कोंबडीचा गुण नव्हे. तिला मिळणारे खाद्य, निवारा, उजेड आणि राखण ह्या सर्वांचा तो एकत्रित हिशेब असतो. यास्तव कोंबडीकडे पाहण्यापूर्वी गृहस्थाने व गृहिणीने आपल्या घराकडे एकवार पाहावे. दाणा विकत घ्यावयाचा आहे, की कोंबडीने स्वतः टिपून खावयाचा आहे? घार, मांजर व मुंगूस ह्यांपासून राखण कोण करणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढच्या वर्षीची पिल्ले कोठून येणार?

अंडी की खुडूक?

व्हाइट लेगहॉर्न ही मूळची इटलीची पांढरीशुभ्र कोंबडी अंड्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. व्यापारी शेडमध्ये तिचे निवडक वाण वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. परंतु त्यासाठी तिला दररोज शंभर ग्रॅमहून अधिक समतोल खाद्य, कवचासाठी पुरेसा चुना आणि चौदा-सोळा तास उजेड लागतो. तीच कोंबडी परसात मोकळी सोडून कोंडा व खरकटे ह्यांवर ठेवली, तर आकडा झरझर खाली येतो. शिवाय तिचा पांढरा रंग घारीच्या दृष्टीस चटकन पडतो. पिढ्यानुपिढ्या अंड्यांसाठीच निवड झाल्यामुळे तिची खुडूक होण्याची वृत्तीही जवळजवळ नाहीशी झाली आहे. अंडी ती पुष्कळ देते, पण ती उबवीत नाही.

गावठी कोंबडीची रीत ह्याच्या उलट आहे. दहा-पंधरा अंडी घातली, की ती खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते आणि नंतर कित्येक आठवडे पिल्लांना पंखाखाली घेऊन हिंडते. ह्या सर्व काळात ती अंडी देत नाही. म्हणून वर्षाकाठी तिची अंडी पन्नास-साठच भरतात. हा तिचा आळस नव्हे. उबवणयंत्र, पिल्लांना ऊब देणारा दिवा आणि राखणदार ह्या तिघांचे काम ती एकटी विनावेतन करीत असते, हे अंडी मोजताना विसरू नये.

आपल्या देशी जाती

गावठी म्हणून एकाच नावाखाली मोडणाऱ्या कोंबड्यांतही मोठे वैविध्य आहे. आंध्र प्रदेश व छत्तीसगढ ह्या भागांतील असील उंच, बळकट व निडर असते. मांस उत्तम, अंडी थोडी, पण खुडूक बसण्यात पटाईत. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील कडकनाथ कातडीपासून मांस-हाडांपर्यंत काळी असते; तिचे अंडे मात्र काळे नसून फिकट तपकिरी असते. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिला बाजारात चांगला भाव येऊ लागला. निकोबार बेटांची आखूड पायांची निकोबारी कोंबडी देशी जातींत अंड्यांसाठी नावाजलेली आहे. महाराष्ट्र व गुजरात ह्यांच्या सीमाभागात बसरा ही लहान चणीची, चपळ जात आदिवासी कुटुंबांनी सांभाळली आहे. अशा जातींचा काटकपणा हा त्या त्या मुलखाच्या उन्हापावसाने केलेल्या निवडीचा परिपाक होय. एकदा सरमिसळ होऊन त्या नष्ट झाल्या, तर त्या पुन्हा घडविता येणार नाहीत.

सुधारित जाती

परसासाठी मधला मार्ग म्हणून आपल्या संशोधन संस्थांनी सुधारित वाण तयार केले आहेत. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा व ग्रामप्रिया हे वाण दिले. वनराजा अंगाने भारी असून अंडी व मांस ह्या दोहोंसाठी उपयोगी पडते. परसात ती वर्षाला सुमारे शंभर ते एकशेदहा अंडी देते. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी असून काळजी घेतल्यास दीडशेच्या पुढे जाते. बरेलीजवळील इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून निर्भीक आणि कडकनाथच्या संकरातून श्यामा हे वाण काढले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, आसामची कामरूपा, राजस्थानची प्रतापधन, झारखंडची झारसिम ही नावे त्या त्या प्रांतांत परिचित आहेत. त्यांचा बहुरंगी पिसारा झाडोऱ्यात लपतो. वाचकांनी शक्यतो आपल्याच हवामानासाठी तयार झालेला वाण निवडावा.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे वाण बहुधा संकरित असल्यामुळे घरच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांत आईचे सर्व गुण उतरत नाहीत. पुढच्या पिढीत अंडी कमी होतात आणि पिल्ले एकसारखी निघत नाहीत. म्हणजे उत्पन्न टिकवावयाचे, तर पिल्ले पुनःपुन्हा विकत आणणे भाग पडते. जवळपास खात्रीचे पिल्लू-केंद्र नसेल, तर हा खर्च व हेलपाटा आधीच हिशेबात धरावा. तसेच वनराजासारख्या जड कोंबडीला फाजील दाणा घालू नये. चरबी वाढली, की अंडी घटतात.

कळपाची बांधणी

सामान्य कुटुंबासाठी मिश्र कळप हा सोयीचा उपाय आहे. सुधारित जातीच्या सहा-सात तलंगा अंड्यांसाठी ठेवाव्यात आणि सोबत दोन-तीन भरवशाच्या गावठी कोंबड्या ठेवाव्यात. ह्या कोंबड्या खुडूक झाल्या, की त्यांच्याखाली दहा-बारा फलित अंडी मांडता येतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. आपली देशी जात शुद्ध राखावयाची असेल, तर मात्र कोंबडाही त्याच जातीचा हवा आणि परक्या जातीचा कोंबडा कळपात सोडू नये.

एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात. पण पहिले काही आठवडे त्यांना कृत्रिम ऊब लागते. ती सोय नसेल, तर सहा आठवडे वाढविलेली, लस टोचलेली पिल्ले घेणेच शहाणपणाचे. कोणतीही जात आणली तरी मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लस चुकवू नये. काटक गावठी कोंबडीही ह्या रोगापुढे टिकत नाही. साथ आली, की दोन-चार दिवसांत सारे खुराडे रिकामे होते. लशींचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून समजून घ्यावे. रात्री बंद होणारे कोरडे, हवेशीर खुराडे, पिण्यास स्वच्छ पाणी आणि शिंपल्यांची पूड एवढ्याने अर्धी लढाई जिंकली जाते.

घरातील कोंबड्यांची निगा पुष्कळ ठिकाणी गृहिणीच राखते, आणि अंड्यांचे चार पैसेही तिच्याच हाती येतात. त्या पैशांतून मुलांची वही येते. विकून उरलेले अंडे मुलांच्या ताटात पडते. म्हणूनच जात निवडताना तिचे मत प्रथम घ्यावे. दिवसाकाठी किती वेळ देता येईल, मूठभर दाणा रोज काढता येईल की नाही, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. जिच्या गरजा आपले घर वर्षभर भागवू शकेल, तीच त्या घराची उत्तम कोंबडी.