हिवाळ्यांतील परसबाग : पेरणी हप्त्यांनीं करावी

गांवच्या जमिनीचे जुन्या दप्तरांत दोन भाग सांगतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसावयाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी काळीच्या हिशेबांत गेली. काळींतील प्रत्येक गटाला सातबारा असतो, त्यावर पीकपाहणी चढते, आणि इ. स. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून नोंदवावयाची पद्धत सुरू झाली. परंतु पांढरींत, घरामागच्या परसांत काय पिकतें, याला कोणत्याहि नोंदवहींत रकाना नाहीं. ज्याचा हिशेब कोणी मागत नाहीं त्याकडे मनुष्याचें लक्ष राहत नाहीं. आमच्या बाजूस परसाचें असेंच झालें आहे.

कासुर्डी हें दौंड तालुक्यांत, पुणें-सोलापूर रस्त्यावरील गांव. हा मुलूख मुळांत कमी पावसाचा. परंतु खडकवासल्याच्या कालव्यानें आणि विहिरींनीं या पट्ट्यांत ऊंस आला. उंसाचा पैसा बारा ते अठरा महिन्यांनीं हातीं येतो, भाजी मात्र रोज लागते. पैशाची ओढ लागली म्हणजे घरांत पहिली काटछाट भाजीची होते, आणि ती बहुधा सुनेच्या व मुलांच्या ताटापासून सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९-२१) महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ५४ जणींत रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांत हें प्रमाण शंभरांस सुमारें ६९ होतें. केवळ भाजीनें रक्तक्षय जाईल असें नव्हे. तथापि पालेभाजी रोज ताटांत असणें आणि तीबरोबर लिंबाची फोड असणें हें उपयोगाचें आहे. कारण लिंबाच्या आंबटानें पाल्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते.

परस करण्यास हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाहीं. ऊन सौम्य असल्यानें जमिनींतील ओल लवकर उडत नाहीं, थोड्या पाण्यांत भागतें, आणि पाला कोंवळा राहतो. मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, नवलकोल यांस थंडी मानवते. उलट भेंडी, गवार, काकडी, दोडका यांचें बीं थंडींत नीट उगवत नाहीं. त्यांचा हट्ट या दिवसांत धरूं नये.

आतां मुख्य मुद्दा. पुष्कळ घरीं दसऱ्याच्या सुमारास मेथीची पुडी आणून सबंध वाफ्यांत एकाच दिवशीं फेंकतात. ती सारी एकाच आठवड्यांत काढणीस येते. चार दिवस घरांत मेथी, मेथी आणि मेथीच. उरलेली शेळीपुढें जाते, आणि पुढें महिनाभर वाफा मोकळा. मग 'परसाचा कांहीं उपयोग नाहीं' असा निकाल लागतो. हा दोष परसाचा नव्हे, पेरणीच्या रीतीचा आहे. सरकारी सारा एका दमांत भरणें खातेदारास जड जातें म्हणून त्याचे हप्ते पाडीत. परसांत हप्ता देणारी जमीन आहे व घेणारे आपण आहों. पण हप्ते पाडल्याशिवाय येथेंहि निभाव नाहीं.

अर्धा गुंठा म्हणजे सुमारें ५४५ चौरस फूट जागा घ्यावी. तींत सहा फूट लांब व चार फूट रुंद असे आठ वाफे पाडावे, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात पोंचतो व वाफा तुडविला जात नाहीं. जमीन भारी किंवा चोपण असल्यास वाफे जमिनीपेक्षां थोडे उंच करावे. दर वाफ्यास दोन पाट्या चांगलें कुजलेलें शेणखत द्यावें. ताजें शेण घालूं नये, त्यानें हुमणी येते.

पहिला हप्ता घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत. (घटांत नऊ दिवसांत धान्य कसें उगवतें हें आपण पाहतों, तीच बियाण्याची परीक्षा होय.) दोन वाफ्यांत मेथी, पालक व मुळा पेरावा, एका कोपऱ्यांत कोबी, नवलकोल व टोमॅटो यांचें रोप टाकावें. दुसरा हप्ता पंधरा दिवसांनीं : पुन्हां अर्धा वाफा मेथी, शिवाय कोथिंबीर, गाजर, वाटाणा व लसूण. चार-पांच आठवड्यांचें झालेलें रोप तिसऱ्या हप्त्यास लावावें. याप्रमाणें दर पंधरा दिवसांनीं अर्धा वाफा पालेभाजीचा नवा, असें संक्रांतीपर्यंत चालवावें. मेथी सुमारें महिन्यांत उपटण्यास येते. पालक महिन्यानें पहिला कापला म्हणजे पुढें दोन-तीन आठवड्यांनीं पुन्हां कापतां येतो. मुळ्यास दीड महिना, गाजरास तीन महिने लागतात. हे दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत पेरणीच्या तारखेजवळ लिहून ठेवावे. वेगळी वही नको. धने पेरण्यापूर्वीं रगडून त्यांच्या दोन फांका कराव्या व रात्रभर भिजवावे, म्हणजे थंडींतहि उगवण बरी होते.

कांहीं पिकांचा हप्ता मात्र पावसाळ्यांतच भरावा लागतो. जेजुरी आपल्यास जवळ. चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें खाण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. त्या दिवशीं परसांतलें वांगें हवें असेल तर रोप भाद्रपद संपण्यापूर्वीं लागलें पाहिजे. कुंपणावरचा पावटा व घेवडा तर पावसाच्या आरंभींच टोंकावा. त्यांच्या जुन्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाहींत. भाद्रपदांत नुसता पाला पाहून वेल उपटणारे लोक मार्गशीर्षांतल्या शेंगांस मुकतात.

पाण्यासाठीं कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहावयाची नाहीं. न्हाणीचें पाणी व धान्य-भाजी धुतलेलें पाणी वाफ्यांस पुरतें. कपड्यांच्या साबणाचें पाणी मात्र पालेभाजीस न देतां केळीकडे किंवा कर्दळीकडे वळवावें. पालेभाजीस चार-पांच दिवसांनीं, इतरांस आठवड्यानें पाणी बस्स होतें. तें सकाळीं द्यावें. संध्याकाळीं दिल्यास पानें रात्रभर ओलीं राहून रोग वाढतो. आभाळ येऊन मावा पडल्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, किंचित् साबण मिसळून शिंपावी. घरच्या पोरांच्या तोंडीं जावयाच्या पाल्यावर जहाल विष मारूं नये.

बियाण्याविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई सोमा पोपेरे या शाळेंत न गेलेल्या शेतकरी बाईंनीं घेवड्याच्या व पालेभाज्यांच्या गांवठी जातींचीं बियाणीं जपलीं, परसबागेसाठीं घरोघर पोंचविलीं, आणि इ. स. २०२० च्या पद्मश्रीच्या त्या मानकरी झाल्या. या कामांत त्यांस 'बायफ' संस्थेचें साहाय्य झालें. ती संस्था मणिभाई देसाई यांनीं इ. स. १९६७ त आपल्या शेजारच्या उरुळी कांचन येथेंच स्थापिली. मणिभाई तेथें आले ते इ. स. १९४६ त, महात्मा गांधींनीं निसर्गोपचाराचें काम सुरू केलें तेव्हां. जी संस्था आपल्या शिवेजवळ जन्मली तिच्या साह्यानें अकोल्याच्या डोंगरांत परसें फुललीं. मग आपलीं ओस कां असावीं? दर पिकांतील दोन-तीन निरोगी झाडें बियांसाठीं राखावीं, बीं सावलींत वाळवावें व राखेंत घोळून मडक्यांत ठेवावें. संकरित जातींचें बीं मात्र धरूं नये, पुढच्या पिढींत तें एकसारखें येत नाहीं. कोबीचें बींहि आपल्या हवेंत होत नाहीं, तें विकतच घ्यावें.

महसुलांत वर्षाच्या अखेरीस जमाबंदी होई. परसाची जमाबंदी भोगीच्या दिवशीं करावी. त्या दिवशीं बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीबरोबर जी मिसळीची भाजी करितात तींत वांगें, गाजर, पावटा, घेवडा, वाटाणा व हरभऱ्याचे घाटे लागतात. त्यांपैकीं घाटे शेतांतून यावेत. बाकीचे जिन्नस परसांतून किती आले व बाजारांतून किती आणले हें घरच्या बाईनें मोजावें. जो जिन्नस विकत आणावा लागला, त्याच्या पेरणीचा दिवस पुढील वर्षाच्या दिनदर्शिकेंत आधींच मांडून ठेवावा.