बेसबॉल सिम्युलेशन: आकडे खरे कधी म्हणायचे?

संगणकावरच्या बेसबॉल सिम्युलेशनमध्ये आपण बॅट फिरवत नाही. संघ निवडायचा आणि डावपेच आखायचे, एवढंच आपलं काम. फलंदाज पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) उभा राहिला की काय होणार, हे खेळाडूंच्या आकडेवारीतून काढलेल्या शक्यता ठरवतात. गेम किती खरा, हे म्हणूनच गणितावरून तपासावं लागतं.

आधी एक खुलासा. बेसबॉलमधली फलंदाजीची सरासरी म्हणजे हिट (चेंडू मारून सुरक्षितपणे बेस गाठणं) भागिले अ‍ॅट-बॅट. अ‍ॅट-बॅट म्हणजे फलंदाजीची मोजली जाणारी संधी. क्रिकेटसारखा इथे धावांशी संबंध नाही. ०.३०० म्हणजे दहापैकी तीनदा हिट, आणि ही उत्तम कामगिरी मानली जाते.

गैरसमज १: ग्राफिक्स देखणे, तरच गेम वास्तवदर्शी.
वस्तुस्थिती: हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा बेसबॉल गेम १९६१ मध्ये आला तो फासे आणि खेळाडूंची कार्डं घेऊन. फासा सांगेल त्याप्रमाणे कधी फलंदाजाचं कार्ड पाहायचं, कधी पिचरचं. चित्रं नसतानाही त्यातून मोसमभराचे आकडे पटण्याजोगे निघत. आजचे संगणकी गेम त्यात मैदान, थकवा, डावखुरेपणा असे घटक मिसळतात.

गैरसमज २: खेळाडूचे मूळ आकडे गेममध्ये जसेच्या तसे उमटले पाहिजेत.
वस्तुस्थिती: ०.३०० क्षमतेच्या फलंदाजाला ६०० अ‍ॅट-बॅट मिळाले, तर सरासरीनं १८० हिट अपेक्षित आहेत. पण निव्वळ योगायोगानेही हा आकडा साधारण ११ हिटनी वर-खाली होतो. अंदाजे दोन तृतीयांश मोसमांत तो ०.२८१ ते ०.३१९ या पट्ट्यात राहील, उरलेल्या मोसमांत त्याबाहेर जाईल. दरवेळी नेमके १८० हिट देणारा गेम खोटा आहे.

गैरसमज ३: ०.३०० चा फलंदाज आणि समोरच्या फलंदाजांना सरासरी ०.३०० देणारा पिचर समोरासमोर आले, की निकालही ०.३००.
वस्तुस्थिती: लीगची सरासरी ०.२५० असेल, तर फलंदाज सरासरीपेक्षा सरस आणि पिचर सरासरीपेक्षा कमकुवत ठरतो. दोन्ही गोष्टी फलंदाजाच्याच पथ्यावर पडतात. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या ‘लॉग-फाइव्ह’ पद्धतीनं हिशेब केला, तर अपेक्षित सरासरी सुमारे ०.३५५ येते.

गैरसमज ४: कोणत्याही काळातला आकडा थेट वापरता येतो.
वस्तुस्थिती: १९३० मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रमुख लीगपैकी एक असलेल्या अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी ०.३०३ होती. १९६८ मध्ये दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये फलंदाज कार्ल यास्त्रेम्स्की ०.३०१ वर अव्वल ठरला. त्या वर्षी पिचर इतके वरचढ झाले होते, की १९६९ पासून ते ज्यावरून चेंडू टाकतात तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. यास्त्रेम्स्कीचा आकडा त्याच्या लीगशी ताडून न पाहता गेममध्ये भरणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

गेम कसा पारखावा?
एका सामन्यावरून किंवा एका मोसमावरून निकाल देऊ नका. तोच मोसम अनेकदा चालवा आणि दोन गोष्टी पाहा: सरासरी योग्य येते का, आणि चढउतार योग्य येतो का. १६२ सामन्यांत निम्मे जिंकण्याच्या कुवतीचा संघ कधी ७५, तर कधी ८७ सामने जिंकेल. हे स्वाभाविक आहे. दरवेळी ८१ वरच थांबणाऱ्या गेमवर मात्र विश्वास ठेवू नका.