चित्रकार कुठून येतो? कोल्हापूरचे कलावंत, त्यांची घरं आणि त्यांची कामं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आज कोल्हापूरच्या चित्रकारांबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात एका तसबिरीनं करतो. पडद्यावर दिसतेय ती आमच्या पणजोबांची तसबीर. पागोटं, उपरणं, करारी डोळे. छोट्या फोटोवरून मोठं करून काळ्या पावडरनं छायांकन केलेलं हे चित्र आहे. काढणाऱ्याचा हात किती तयार होता, ते मिशांवरूनच कळतं. पण हे कुणी काढलं, ते आम्हाला माहीत नाही. चित्राला वाळवी लागायला लागली म्हणून वडिलांनी नवी फ्रेम करून घेतली. फ्रेमवाल्यानं खराब झालेली कड कापली आणि कोपऱ्यातली सही त्या तुकड्याबरोबर गेली. घरातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मलाही फार उशिरा आलं.

कोल्हापूरला आपण मोठ्या अभिमानानं ‘कलापूर’ म्हणतो. पण कलावंत येतात कुठून, असं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं: ‘मातीतच आहे हो.’ ऐकायला छान वाटतं, पण त्यातून काही कळत नाही. माती सगळीकडे असते. मला वाटतं, प्रश्न असा विचारला पाहिजे की या माणसाचा हात कुठल्या कामात तयार झाला? त्याच्या घरात काय चालायचं? आणि त्याला काम कोण देत होतं? आज चार-पाच माणसांच्या निमित्तानं हेच पाहू.

पहिले आबालाल रहिमान. यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम होतं. आता बोरूनं अक्षर लिहिणारा माणूस काय शिकतो? एक म्हणजे हाताचा दाब. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. दुसरं म्हणजे, एकदा उमटलेली रेघ खोडता येत नाही. या घरातला मुलगा पुढे मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेला. हा १८८० च्या दशकातला काळ. तिथं मॉडेल समोर बसवून यथातथ्य चित्रण करायचं, छायाप्रकाश अभ्यासायचा, असं पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण होतं. त्यांनी त्यात नाव कमावलं.

मुंबईत राहिले असते तर चार पैसे जास्त मिळाले असते. पण ते परत आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी तलाव, झाडं, घाट आणि त्यांच्यावर पडणारं ऊन रंगवलं. जलरंगात पांढरा रंग सहसा लावायचा नसतो. जिथं उजेड हवा तिथं कागदच मोकळा सोडायचा असतो. म्हणजे काय रंगवायचं नाही, हे आधीच ठरवावं लागतं आणि चूक झाली तर ती झाकता येत नाही. मला कायम वाटत आलंय की लेखनिकांच्या घराचा संस्कार इथं उपयोगी पडला असणार. हा माझा तर्क आहे, तसाच घ्या.

महाराज १९२२ साली गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली अनेक चित्रं स्वतःच्या हातानं नष्ट केली, असं कोल्हापुरात सांगतात. यातलं खरं किती, वाढवलेलं किती, हा वाद बाजूला ठेवू. पण अशी गोष्ट गाव पिढ्यानपिढ्या सांगतं, यातून एक नक्की कळतं. ही चित्रं पाहणारा, विकत घेणारा माणूस जवळजवळ एकच होता, हे गावाला ठाऊक होतं. आबालाल १९३१ साली वारले.

आता दुसरं घर. मेस्त्रींचं. नावातच धंदा आहे! कृष्णराव मेस्त्री सुतारकाम, दगडातलं कोरीवकाम, हस्तिदंतावरचं काम, सगळं करायचे. त्यांचा मुलगा बाबूराव, जन्म १८९०. बाबूरावांचे चुलतभाऊ आनंदराव. हे दोघं कुठल्याही आर्ट स्कूलला गेले नाहीत. त्यांची शाळा म्हणजे घरातला कारखाना आणि नंतर नाटक कंपन्यांचे पडदे. दोघांनी इतके पडदे रंगवले की लोक ‘मेस्त्री’ विसरले आणि ‘पेंटर’ हेच आडनाव झालं.

पडदा रंगवणं म्हणजे काय, हे थोडं सांगतो, कारण आज आपण ते पाहिलेलं नसतं. कापडाचे पट्टे शिवून मोठा पडदा करायचा. लहान चित्रावर चौकटी आखायच्या आणि तेवढ्याच चौकटी पडद्यावर मोठ्या करून चित्र उतरवायचं. रंगाची भुकटी पाण्यात कालवून त्यात सरस घालायचा. गंमत अशी, की हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणजे लावताना दिसतो तो रंग खरा नाहीच, उद्या दिसणार तो खरा. शिवाय पाहणारा लांब बसलेला. म्हणून जवळून फटकारे वाटले पाहिजेत आणि लांबून राजवाडा दिसला पाहिजे. खोटी खोली निर्माण करायची, तीही दिव्यांच्या उजेडात. आता सांगा, हे सगळं ज्याला येतं तो माणूस सिनेमा पाहिल्यावर काय करेल?

तेच झालं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते. मग स्वतःच बनवायचा! १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन कॅमेरा तयार केलाच. पैसा कुणी दिला? गायिका तानीबाई कागलकरांनी. हे नाव आपण सहसा घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतो. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट सांगितली. पोशाखांची, दृश्यांची रेखाटनं ते स्वतः करायचे आणि चित्रपटाची पोस्टरंही रंगवायचे.

आपण म्हणतो, ‘चित्रकार सिनेमात गेला.’ मला हे वाक्य पटत नाही. बाबूरावांनी काम बदललंच नाही! लाकूड, कापड, फिल्म, पुढे शिल्पासाठी माती. साधन बदलत गेलं. सुताराच्या घरात ‘हे माझं काम नव्हे’ असं म्हणायची सोय नसते. समोर येईल ते करायचं, अवजार नसेल तर अवजार बनवायचं. कॅमेऱ्याची गोष्ट याहून वेगळी काय आहे?

ही कंपनी म्हणजे एक प्रकारचं आर्ट स्कूलच झालं. दामले आणि साहेबमामा फत्तेलाल इथंच तयार झाले. १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात सुरू झाली, पुढे ती पुण्याला गेली. या जोडीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातलं देहू पाहिलंत तर कळेल, ते गाव चित्रकारांनी उभं केलेलं आहे. आणि चंद्रकांत मांडरे! आपण त्यांना देखणे नट म्हणून ओळखतो. पण त्यांनी आयुष्यभर निसर्गचित्रं काढली, पावडर शेडिंगमध्ये काम केलं आणि राजारामपुरीतलं आपलं घर चित्रांसह शासनाला दिलं. आज तिथं संग्रहालय आहे. किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. ... बघा, कोल्हापुरात बसून सात-आठ हात.

तिसरं घर अगदी वेगळं. माधवराव बागल. वडील खंडेराव बागल वकील आणि पत्रकार, सत्यशोधक विचारांचे. म्हणजे घरात हातकाम नाही, तर वाद, सभा आणि लेखन. माधवराव जे. जे.ला शिकले. निसर्गचित्रं उत्तम काढायचे. पण शेतकरी-कामगारांच्या आणि प्रजा परिषदेच्या लढ्यात उतरले आणि चित्रकला मागं पडली, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात त्यांच्या पुढाकारानं महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते! पुतळे घडवले शिल्पकार बाळ चव्हाणांनी. कुणाची प्रतिमा गावाच्या मध्यभागी असावी, हा प्रश्न राजकारणाचा आहे, तसाच चित्रकाराचाही आहे. राजेरजवाड्यांच्या तसबिरींच्या गावात बागलांनी त्याचं वेगळं उत्तर दिलं. आणि आणखी एक काम त्यांनी केलं. इथल्या कलावंतांबद्दल लिहून ठेवलं.

आता तिन्ही घरं शेजारी ठेवून बघू. एकीकडे कुराण लिहिणारे, एकीकडे सुतारकाम करणारे, एकीकडे वकिली करणारे. धर्म वेगळा, जात वेगळी, शिक्षण वेगळं. सारखं काय आहे? गावात काम होतं. दरबाराला चित्रं हवी होती, नाटकांना पडदे हवे होते, स्टुडिओला सेट आणि पोस्टरं हवी होती, चळवळीला पुतळे हवे होते. नुसती प्रतिभा असून भागत नाही. ती रोज वापरली जाईल असं काम लागतं. ते काम या गावात काही दशकं सलग मिळालं, म्हणून एकामागून एक कलावंत झाले.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू फार वाईट आहे. ज्या कामातून कला आली, त्या कामाला आपण कला समजलो नाही, म्हणून ते जपलं नाही. पडदे गुंडाळून ठेवले, सरसाचा रंग तडकला, कापड कुजलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. ती नायट्रेटची फिल्म, सहज पेटणारी, आपोआप विरघळत जाणारी. ‘सैरंध्री’बद्दल आपण बोलतो, तो पाहू शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा आपण सगळे हळहळलो. रात्री किती लोक रस्त्यावर उभे होते! पण वाळवी आणि ओल रोज घराघरात तेच काम करत असतात, आणि तिथं कुणी धावत जात नाही.

आणि आजही हेच चाललंय. गंगावेशीला, शाहूपुरीत, बापट कॅम्पला कुंभारवाड्यांत जाऊन बघा. गणपतीचे डोळे आखायचं काम घरातल्या ठराविक हातालाच देतात. तो हात नक्की काय करतो, हे कुणी लिहून घेतलंय? दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. मोजपट्टीशिवाय ‘किराणा भुसार’ एका ओळीत बसवायचे. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं. काही घरांना रंग द्यायला लागले, काहींनी ब्रश ठेवला. त्यांच्या पाट्या जुन्या पेठांत अजून थोड्या दिसतात. पुढच्या रंगकामात त्या जातील.

म्हणून शेवटी भाषण नको, कामं सांगतो. घरी जुनं चित्र असेल तर आज रात्री चारही कोपरे बघा. सही दिसली तर फोटो काढा. मागं काही लिहिलंय का बघा. कुणाचं चित्र, कधीचं, कुठून आलं, हे घरातल्या थोरल्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद चित्राबरोबर ठेवा. ओल्या फडक्यानं पुसू नका, ओल्या भिंतीवर लावू नका. काच चित्राला चिकटलेली नको, मध्ये थोडी पोकळी हवी. आणि फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: कड कापायची नाही.

श्रोत्यांमधून प्रश्न आला: ‘मग आता फ्लेक्स डिझाइन करणाऱ्या पोरालाही कलावंत म्हणायचं का?’

(हसून) प्रश्न चांगला आहे. पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांबद्दलही असा प्रश्न कुणाला पडला असेल. मी एवढंच म्हणेन, नाव द्यायची घाई नको. तो पोरगा काय करतो ते बघा. नुसते तयार चेहरे चिकटवतो, की अक्षर कुठं बसवायचं याचा विचार करतो? विचार करणारा एखादा सापडला तर त्याला काम द्या आणि त्याचं नाव विचारून घ्या. पणजोबांच्या तसबिरीच्या बाबतीत आम्ही तेवढंच करायचं विसरलो.