पाळलेल्या पालीची वंशावळ

ज्या घरच्या पंचांगात पल्लीपतनाची फळे अजून आवडीने वाचली जातात, त्याच घरातला मुलगा काचेच्या पेटीत पाल पाळू लागला, तर वडीलधारी मंडळी चकित होणे साहजिक आहे. पण मुलाची बाजूही समजून घ्यावयास हवी. मीरा रोडच्या नया नगरासारख्या दाट वस्तीत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कुत्रा पाळावयाचा म्हणजे शेजाऱ्यांची कटकट आलीच. न भुंकणारा, दिवसभर निजणारा आणि पेटीबाहेर न डोकावणारा प्राणी तेथे सोयीचा वाटतो.

या छंदात सर्वांत लोकप्रिय आहे ती ‘लेपर्ड गेको’ ही ठिपकेदार पाल. तिचा मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा. घरातल्या पालीहून ती अगदी निराळी. तिला मिटणाऱ्या पापण्या असतात. बोटांखाली चिकटण्याच्या पट्ट्या नसल्याने ती भिंतीवर चढत नाही. मादी एका वेळी बहुधा दोन मऊ कवचाची अंडी घालते आणि हंगामात असे अनेक वेळा घडते. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबविण्याच्या तापमानावर ठरते. सुमारे २६ ते २८ अंशांत बहुतेक माद्या निपजतात, ३२ अंशांच्या आसपास नरांची संख्या वाढते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून सुंदर पाठ घरबसल्या मिळणे कठीण.

तथापि अडचण पैदाशीनंतरची आहे. एका जोडीपासून वर्षभरात दहा-बारा पिल्ले झाली आणि प्रत्येक पंधरा-वीस वर्षे जगणार असेल, तर ती ठेवावयाची कोठे? नर एकत्र ठेवले की भांडतात, म्हणजे पेट्याही वेगळ्या. मित्रांना वाटून किती वाटणार? नया नगरापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान दूर नाही. पण तेथे नेऊन सोडणे ही दया नव्हे. पेटीत वाढलेला जीव रानात टिकण्याची शक्यता थोडी, आणि टिकलाच तर त्याचे रोग तेथल्या पालींना भोवण्याची भीती.

नवनवीन रंगांच्या हव्यासाचे मोल तर प्राण्यालाच द्यावे लागते. अमेरिकेत ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा पिवळाधमक वाण फार गाजला. २०२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की, ज्या जनुकीय बदलामुळे तो रंग येतो, त्याच्याशीच त्वचेच्या गाठी निगडित आहेत. असा बदल असलेल्या पालींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिकांना तो कर्करोग होतो.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या परिशिष्टांतील प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. पिल्लू जन्मले तरी तेही कळवावे लागते. सर्वच गेको त्या यादीत नाहीत. मादागास्करच्या हिरव्या दिवाचर पाली मात्र आहेत. म्हणून प्राणी घेताना दुकानदाराचे ‘बेबी गेको’ हे लाडके नाव पुरेसे नाही, नेमकी जात विचारली पाहिजे.

रीतसर नोंदलेली घरगुती पैदास ही तस्करीपेक्षा शतपटीने बरी, हे मान्य करावयास हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या हवाई मालवाहतूक केंद्रात शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेले ६६५ विदेशी प्राणी महसूल गुप्तचरांनी पकडले. त्यांत साप, कासवे, सरडे होते. ११७ प्राणी मेलेले निघाले. विक्रेता आई-बापांची नोंद दाखवू शकत नसेल, तर ग्राहकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच पाहिजे.

याच ठिपकेदार पालीची एक सख्खी बहीण, ‘युब्लेफॅरिस फस्कस’, महाराष्ट्र आणि गुजरातच्या खडकाळ माळांवर राहते. विषारी समजून लोक तिला ठेचतात. वस्तुतः तिच्यात विषाचा थेंबही नाही. तिला माळावरून उचलून पेटीत आणणाऱ्याला मात्र छंदिष्ट म्हणता येणार नाही.